आजोबांची दुनळी विकायची की दस्ता नीट करायचा?

घाटमाथा खानापूर:
परवा टिळकवाडीच्या दादांनी इथं लिहिलं, "क्लेचा, म्हणजे हवेत उडणाऱ्या चकत्या फोडायचा, नाद करायचा असेल तर आधी घरातली जुनी दुनळी विका. शेजारी-शेजारी नळ्या असलेल्या बंदुकीनं ट्रॅप, म्हणजे समोर लांब पळणाऱ्या चकत्यांचा खेळ, होत नाही. काही लाख बाजूला काढून एकावर एक नळ्यांची इटालियन ओव्हर-अंडर घ्या, नाहीतर रेंजवर येऊन काडतुसं वाया घालवू नका." वाचून रात्रभर झोप लागली नाही. गावाकडची दोन पोरं ते वाचून गप्प बसली, म्हणून लांबलचक लिहितोय.

माझी बंदूक बर्मिंगहॅमची. आजोबांना पीक संरक्षणाच्या परवान्यावर मिळालेली, रानडुकरं हाकलायची. पहिल्या वर्षी माझ्या 25 पैकी 9 चकत्या फुटायच्या, फार तर 10. मलाही वाटलं बंदूकच खराब. दर फेरीनंतर वरचा ओठ सुजलेला, कारण बार काढला की अंगठ्याचं हाड थेट तोंडावर यायचं. एका जाणत्या माणसानं बंदूक हातात घेतली, टेप लावला आणि म्हणाला, "खांद्याला लागणारा लाकडी दस्ता साडेतेरा इंच आहे, तुझी उंची पावणेसहा फुटांच्या वर. ही तुझ्या आजोबांच्या मापाची आहे की रे!" आजोबा सव्वापाच फूट होते.

दुसरी गोष्ट, दस्त्याची पाठ खाली होती. गाल टेकला की डोळा नळ्यांवरच्या पट्टीच्या खाली जायचा, समोर बंदूक उघडायचा लिव्हरच दिसायचा. ट्रॅपची चकती वर चढत जाते, माझे छर्रे तिच्या पोटाखालून जायचे. मग घोंगडीचे तुकडे कापले आणि चिकटपट्टीनं दस्त्याच्या पाठीवर एकावर एक बांधत गेलो. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची, डोळे उघडायचे, पट्टी थोडी वरून दिसते का बघायचं. तिसऱ्या तुकड्याला दिसली. मोजलं तर 9 मिलिमीटर. गावच्या सुतारानं शिसवीची पट्टी बसवली, मागं रबरी पॅड लावून लांबी सव्वाचौदा केली. आता 17-18 फुटतात. नळ्या त्याच, उजवी हाफ चोक, डावी फुल (चोक म्हणजे नळीचं आवळलेलं तोंड, छर्रे कमी पसरतात). ट्रॅपला पहिल्या-दुसऱ्या बाराला हेच तर लागतं.

आणि जुनी बंदूक झेपत नाही म्हणणाऱ्यांनी नळीखालचे ठसे वाचावेत. माझ्या नळीवर 1 1/8 औंस लिहिलंय, म्हणजे 32 ग्रॅम छर्रा. ट्रॅपच्या नियमात 24 ग्रॅमच्या वर चालतच नाही. मग ताण कुठला?

नेमबाज टिळकवाडी:
ठसे वाचलेत तर पुढचाही वाचा की. काडतूस बसतं ते चेंबर किती लांबीचं लिहिलंय? जुन्या बर्मिंगहॅम बंदुका बहुतेक अडीच इंची, म्हणजे 65 मिमी. आज दुकानात मिळणारं बरंचसं काडतूस 70 चं. ही लांबी उडालेल्या, उघडलेल्या काडतुसाची असते, त्यामुळं न उडालेलं काडतूस आरामात आत बसतं आणि माणूस फसतो. उडताना तोंड उघडायला जागा नाही, दाब वाढतो. 24 ग्रॅम असो की 32.

माझ्या मामांची बंदूक अशीच गेली. एका हंगामात बिजागरी सैल. नळी आणि बॉडीच्या मध्ये चहाच्या पुडीचा कागद ठेवला, बंदूक बंद केली आणि कागद अलगद ओढून काढला. मी ते माझ्या हातानं केलंय. त्या दिवशी मामा जेवले नाहीत.

धक्क्याचंही बोला. तुमची दुनळी 3 किलोच्या आसपास, ट्रॅपची ओव्हर-अंडर साडेतीन-पावणेचार किलो. स्पर्धेत 125 चकत्या असतात, पहिल्या दिवशी 75. हलकी बंदूक 50 नंतर माणसाला डोळे मिटायला लावते. ओव्हर-अंडरमध्ये खालची नळी आधी उडते, धक्का सरळ खांद्यात येतो, तोंड वर उसळत नाही, दुसरा बार लगेच. तुमच्याकडं दोन चाप, बोट मागं सरकवेपर्यंत चकती 40 मीटरवर. सुतारानं हे बदलत नाही.

माजी सुभेदार, बेळगाव:
दोघांचंही बरोबर आणि दोघंही मूळ मुद्दा सोडून भांडताय. 2004 ला अथेन्समध्ये राज्यवर्धनसिंह राठोड साहेबांनी डबल ट्रॅपमध्ये (एकदम दोन चकत्या) ऑलिंपिक रौप्य घेतलं, तेव्हा आम्ही बराकीत टीव्हीपुढं उभे होतो. ते महूच्या लष्करी मार्क्समनशिप युनिटमध्ये घडले. तिथं माणसाला काडतूस मोजून देत नाहीत. आमच्या भागात रायफलची परंपरा आहे: कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 ला विश्वविजेती झाली, राधानगरीचा स्वप्नील कुसाळे 2024 ला पॅरिसहून कांस्य घेऊन आला. 10 मीटरची रेंज गोठ्यातही होते. ट्रॅपला खंदक लागतो, 15 यंत्रं लागतात, चकती 76 मीटर जाते, समोर मोकळं रान लागतं. बेळगावचा पोरगा त्यासाठी गोवा एक्सप्रेस पकडून दिल्लीच्या तुघलकाबाद रेंजपर्यंत जातो आणि महिन्यातून 100 काडतुसंही उडवत नाही. पैसे काडतुसाला आणि रेल्वेला ठेवा. बंदूक नंतर.

निपाणीकर:
सुभेदार साहेब, रेल्वेनं जायचं म्हणताय, परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय ते कुणी विचारलंच नाही. माझ्या परवान्यावर "कर्नाटक राज्य" एवढंच. घरापासून कोगनोळी ओलांडली की महाराष्ट्र. गेल्या वर्षी एका नाक्यावर 4 तास बसवून ठेवलं, बंदूक कव्हरात, काडतुसं वेगळ्या पेटीत, तरी. चूक माझी म्हणे. परवाना नूतनीकरणाला अर्ज भरला तेव्हा क्षेत्राचा रकाना कन्नडमध्ये, टेबलावरच्या माणसाला दोनदा विचारलं, त्यानं मान वर केली नाही.

आणि निवडणूक! बंदूक जमा करा. मागल्या वेळी दोन महिन्यांनी परत मिळाली. घरी आणून नळीत बघतो तर उजेड नाही. गज घातला, मातीचा गोळा बाहेर. कुंभारमाशीनं उजव्या नळीत घर केलेलं. न बघता बार काढला असता तर नळी फुगली असती किंवा माझा हात गेला असता. तुम्ही चोकवर बोलताय.

नेमबाज टिळकवाडी:
क्षेत्र वाढवून मिळतं, अर्ज करावा लागतो. आणि कन्नड रकाना वाचता येत नाही हे 2 पिढ्या इथं राहून अजून सांगायचं? मुलं शाळेत शिकतात, आपणही शिकावं.

निपाणीकर:
दादा, हे मला सांगू नका. बाजारात, बसमध्ये, शेतात मी कन्नड बोलतोच. सरकारी कागदावरचं कन्नड वेगळं असतं, ते माझ्या कन्नड शेजाऱ्यालाही कळलं नाही, त्यानंही पोराला विचारलं. माझं म्हणणं एवढंच, ज्या कागदावर चूक झाली तर माणूस गुन्हेगार ठरतो, तो कागद त्याला कळेल अशा भाषेत हवा. 1956 पासून हेच मागतोय. यात शिकवण कसली देता?

चंदगडकर:
इकडूनही तीच गोष्ट आहे. माझा बाजार बेळगावचा, दवाखाना बेळगावचा, बंदुकीचा जाणता कारागीरही बेळगावचाच. परवान्यावर मात्र महाराष्ट्र. शिनोळीच्या पुढं बंदूक घेऊन जायचं तर छाती धडधडते. निपाणीकर, तुम्ही एकटे नाही. नळीतल्या मातीचं वाचून माझ्या अंगावर काटा आला. मी आता परत मिळाली की पहिल्यांदा नळ्या काढून उजेडाकडं धरतो. आतून गोल काळी कडी दिसली तर फुगवटा. नळ्या हुकाला टांगून बोटाच्या नखानं टिचकी मारतो. घंटेसारखा आवाज हवा, बद्द आला तर नळ्या जोडणाऱ्या पट्टीचं झाळण सुटलंय.

निपाणीकर:
हे उपयोगाचं सांगितलंत. माझी डावी नळी बद्द वाजते. तोंडापासून दोन इंच कापून टाकली तर? छर्रेही जरा पसरतील, जवळच्या चकतीला बरं.

माजी सुभेदार, बेळगाव:
हात लावू नका! नळी आखूड करायला वेगळा परवाना लागतो, शस्त्र कायद्याचं कलम 6. लोहाराकडं नेलीत तर तो आणि तुम्ही दोघं आत. शिवाय चोक तोंडाशीच असतो. दोन इंच गेले की चोकच गेला, उरते ती नुसती सरळ नळी. झाळणाचं काम परवानाधारक गनस्मिथकडं द्या.

संकेश्वरची आई:
तुम्हा सगळ्यांचं वाचलं. माझी मुलगी 16 वर्षांची, एका प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकतेय. सहा महिने तिच्या डोक्यात एकच बसवलं होतं, "बंदूक बदला." आम्ही जवळजवळ दागिना मोडणार होतो. एका निवृत्त फौजीनं तिला दोन्ही हातांचा त्रिकोण करून लांबचा खांब बघायला सांगितला, मग एकेक डोळा झाकायला लावला. उजवा झाकला तरी खांब जागेवरच. डावा झाकला की खांब पळाला. म्हणजे डावा डोळा राज्य करतो आणि बंदूक उजव्या खांद्यावर. चष्म्याच्या डाव्या काचेवर नखाएवढी धुरकट पट्टी चिकटवली. त्याच दिवशी, त्याच बंदुकीनं 8 वरून 14. ती रडली, मीही रडले. टिळकवाडीच्या दादांनी नव्या पोरांना "लाख काढा" म्हणताना निदान आधी डोळे तपासा, दस्ता मापा, एवढं तरी लिहायला हवं होतं. एखाद्याची आई खरंच दागिना मोडते हो.

नेमबाज टिळकवाडी:
अक्का, हे मान्य. दस्ता आणि डोळा आधी, बंदूक नंतर, असा क्रम मी लिहायला हवा होता. माझ्या ओव्हर-अंडरचाही दस्ता मी दीड वर्ष चुकीचाच वापरला, गालाखाली निळा डाग पडायचा, पण एवढी महागडी बंदूक चुकेल कशी म्हणून कुणाला सांगितलं नाही. शेवटी पाठ 4 मिमी खाली घेतली. पण चेंबरचा मुद्दा मी सोडत नाही. आणि निपाणीकर, भाषेवरून बोलायला नको होतं. माझाही अर्ज शेजाऱ्यानंच भरून दिला होता.

घाटमाथा खानापूर:
आज नळ्या काढून भिंग घेऊन बसलो. ठसा घासला गेलाय, पण 2½ दिसतोय. म्हणजे चार वर्षं 70 ची काडतुसं मी 65 च्या चेंबरमध्ये उडवतोय. दादा, हे तुमचं बरोबर निघालं, आणि मला ते मान्य करायला जड जातंय. कागदाची परीक्षाही केली. उजव्या बाजूला कागद घट्ट, डावीकडं जरा सरकला. गनस्मिथकडं दाखवेपर्यंत हिच्यातून एकही बार नाही.

पण विकणार नाही. आणि नवी इटालियनही घेणार नाही. परदेशी बंदूक मागवणं नावाजलेल्या नेमबाजांनाच शक्य, आपल्यासारख्यांच्या वाट्याला जुनी, हातोहात फिरलेलीच येते, तीही कुणाच्या तरी मापाची. पुन्हा सुताराकडंच जायचं.

नेमबाज टिळकवाडी:
माझ्या ओळखीत एकाची भारतीय आयुध कारखान्याची दुनळी पडून आहे, चेंबर 70 चं. परवान्यावर दुसऱ्या शस्त्राची जागा असेल तर बघा. दोन चाप आहेतच, पण बिजागरी घट्ट आहे, कागद मीच लावून पाहिलाय. दस्ता मोजून सांगतो.

घाटमाथा खानापूर:
जागा आहे. मोजून सांगा, पाठीची उंची टोकाशी आणि टाचेशी दोन्हीकडं घ्या. घोंगडी मी आणतो.