तबलजी चाकणला गेला, आता कॉम्प्युटरवर ठेका कसा बसवायचा?

पेटीवाली_कऱ्हाड

नमस्कार मंडळी. मी पेटी वाजवते, गेली १९ वर्षं. आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे, अकरा जणी. कॉम्प्युटरशी ओळख म्हणाल तर लाइटबिल भरण्यापुरती.

अडचण अशी झालीय की आमच्यासोबत तबला वाजवणारा शेजारचा मुलगा नोकरी लागून चाकणला गेला. शिफ्टची नोकरी, एकादशीला सुट्टी मिळेलच याची खात्री नाही. मोबाइलवर तबल्याचं अ‍ॅप घेऊन बघितलं. वाजतं गोड, पण एकदा धरलेली लय सोडत नाही. भजनात तसं चालतं का? अभंग सावकाश सुरू होतो आणि शेवटच्या गजराला लय चढते. बोटाने वाढवायला गेलं की अ‍ॅप असा धक्का देतं, जणू एसटी खड्ड्यातून गेली. त्यात पेटीवरचा हात सुटतो ते वेगळंच.

घरात मुलाचा जुना लॅपटॉप पडून आहे, विंडोज १०, रॅम ४ जीबी. शिवाय बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राकडून घेतलेला यामाहाचा कीबोर्ड आहे (घरात सगळे त्याला कॅसिओच म्हणतात, मीही). त्याच्या पाठीमागे दोन गोल भोकं आहेत, प्रत्येकात पाच बारीक छिद्रं, आणि वर मिडी इन, मिडी आउट लिहिलंय. कीबोर्ड लॅपटॉपला जोडायची केबल एका दुकानातून आणली. दुकानदार म्हणाला, लावा आणि वाजवा. लावली. केबलवरचा लाल दिवा तेवढा लागतो, बाकी शांतता.

विचारायचंय ते एवढंच, की हळूहळू लय चढणारा आठ मात्रांचा ठेका या सामानात बसेल का? आणि आमच्यातल्या निम्म्या जणी काळी दोनमध्ये (पेटीची दुसरी काळी पट्टी सा धरून) गातात, निम्म्या काळी चारमध्ये, तर दोन्ही पट्ट्यांची सोय लागेल. आषाढीला सात आठवडे आहेत.

निखिल_डोंबिवली

ताई, इतका खटाटोप कशाला? केरव्याचे (तोच आठ मात्रांचा ठेका) तयार लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारे रेकॉर्ड केलेले तुकडे, ढिगाने मिळतात. एक डाउनलोड करा, ब्लूटूथ स्पीकरला लावा, संपला विषय.

पेटीवाली_कऱ्हाड

निखिल, बाळा, लय चढायला हवी असं वर लिहिलंय रे मी.

जुना_अरेंजर

होईल ताई, आणि आहे त्याच लॅपटॉपवर होईल. १९९२ मध्ये मी भजनांच्या कॅसेटींसाठी प्रोग्रामिंग करायचो ते अटारी १०४० या कॉम्प्युटरवर. त्याची मेमरी १ एमबी. तुमच्याकडे त्याच्या चार हजार पट आहे आणि तुम्ही म्हणताय जुना लॅपटॉप!

आधी केबल. तिच्यावर ज्या टोकाला 'इन' लिहिलंय ते कीबोर्डच्या 'आउट'मध्ये घाला. केबलवरचं इन म्हणजे कॉम्प्युटरच्या आत जाणारं. सगळे जण इनला इन लावतात आणि मग केबल बिघडली म्हणून परत करायला जातात. मिडी म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर यांची आपसातली भाषा. ती १९८३ ची आहे आणि आजही तीच चालते, त्यामुळे कीबोर्डच्या वयाची काळजी करू नका.

आता एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या, नाहीतर पुढे सगळा घोळ होतो. मिडीमध्ये आवाज नसतो. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढीच नोंद असते. गुरुजी वहीत बोल लिहून देतात ना, तशी. वही पुण्यात लिहिलेली असो की कऱ्हाडात, तबला ज्याचा त्याचा. निखिल म्हणतो तो लूप म्हणजे झालेल्या वाजवण्याचा फोटो. त्याची लय ताणली की आवाज किनरा तरी होतो नाहीतर फाटतो. वहीतले बोल मात्र कितीही भरभर वाचा, बोल तेच राहतात. म्हणून तुमचं काम मिडीनेच होईल.

संगीत मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये एलएमएमएस पूर्ण फुकट आहे, तेही चालेल. मी रीपर वापरतो म्हणून त्यातलं सांगतो. ६० दिवस वापरून बघता येतं, पुढे घरगुती लायसन्स ६० डॉलरचं. सेटिंगमध्ये मिडीच्या यादीत तुमची केबल दिसेल ती चालू करा. ट्रॅक घ्या, इनपुटला मिडी निवडा, पट्टी दाबली की हिरवी रेघ नाचली पाहिजे. ती नाचली की अर्धी लढाई जिंकली.

तबल्याचा आवाज कुठून आणायचा? जनरल मिडीच्या (कीबोर्डमधल्या आवाजांची ठरलेली यादी) १२८ वाद्यांत सतार आहे, शहनाईसुद्धा आहे, तबला नाही. तेव्हा तुमच्या त्या तबलजी मुलालाच बोलवा. तो रविवारी येत असेल तर त्याच्याकडून ना, तिं, गे आणि क हे चार बोल सुटे सुटे वाजवून घ्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा. पंखा बंद, खोलीत गोधड्या टांगा, म्हणजे घुमणार नाही. फाइल व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज करून पाठवू नका, त्यात आवाज चेपतो, केबलने लॅपटॉपवर घ्या. रीपरमध्ये रीसॅम्प्लोमॅटिक नावाचं (नाव घेताना जीभ वळत नाही, पण कामाचं आहे) यंत्र येतं, पट्टी दाबली की रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारं. चार बोलांना चार यंत्रं, प्रत्येकाला एकच पट्टी नेमून द्या. ना ६० नंबरवर, तिं ६२, गे ६४, क ६५. पट्टीच्या नावापेक्षा नंबर लक्षात ठेवा. ६० म्हणजे मधली पांढरी एक, पण कुणी तिला सी ३ म्हणतं, कुणी सी ४, आणि त्यात दिवस जातो.

लय चढवायला टेम्पोची एक खूण अभंगाच्या सुरुवातीला ठेवा, दुसरी गजर जिथे टिपेला जातो तिथे. पहिलीच्या खिडकीत पुढच्या खुणेपर्यंत हळूहळू जाण्याचा पर्याय आहे, त्यावर बरोबरची खूण करा. मशीन चार ठोके मोजतं, तुम्ही आठ मात्रा मोजता, त्यामुळे आकडा तुमच्या अंदाजाच्या निम्मा दिसेल. ७२ ते १०८ पासून बघा.

पेटीवाली_कऱ्हाड

दादा, इन आउटमध्ये घातलं आणि हिरवी रेघ नाचली! मुलाला पुण्याला व्हिडिओ कॉल करून दाखवली. तो म्हणाला, आई, आवाज कुठेय.

तर आवाज आला दोन दिवसांनी, पण उशिरा. पट्टी दाबायची, मनात 'एक' म्हणायचं, मग ना. विहिरीत दगड टाकल्यासारखं. आणि कीबोर्डमधून पियानो वाजतो तो निराळा.

मुलगा (तबल्याचा, माझा नव्हे) रविवारी येऊन गेला. दोन गोधड्या, एक सतरंजी, आणि खिडकीबाहेर भंगारवाला. 'गे' सहा वेळा घ्यावा लागला. चौघे बोल बसले. मग माऊसने केरवा मांडला, धा गे ना ति, न क धिं ना. धा म्हणजे ना आणि गे एकावर एक, धिं म्हणजे तिं आणि गे. हे मला कुणी सांगावं लागलं नाही, एवढी वर्षं कानाशीच वाजतंय. त्या जाळीत चौकोनी ठिपके एकाखाली एक बसलेले बघून खरं सांगते, रांगोळीची आठवण झाली.

पण पुढे गंमत ऐका. खाली सा-प धरून ठेवायला तंबोऱ्यासारखा एक ट्रॅक केला होता. काळी चारच्या बायकांसाठी सगळं निवडून पाच पट्ट्या वर चढवलं. तंबोरा बरोबर चढला, आणि तबल्याने मान टाकली. आठ मात्रांत चार वेळा नुसतं 'क'. बाकी सामसूम. काय केलं मी?

जुना_अरेंजर

हा हा! ताई, ६० वरचा ना पाच पट्ट्या वर गेला म्हणजे ६५ वर, आणि तिथे तुम्ही 'क' बसवलाय. तिं आणि गे गेले ६७ आणि ६९ वर, तिथे कुणीच राहत नाही. तबल्याच्या ट्रॅकवर पट्टी म्हणजे सूर नव्हे, बोलाचा पत्ता आहे. पत्ता बदलायचा नाही. हीच चूक मी एका ऑर्केस्ट्राच्या ड्रमवर केली होती, सगळे किक (पायाने वाजवायचा ड्रम) टॉम (काठीने वाजवायचा) होऊन बसले, आणि ते प्रॅक्टिसला नाही, स्टेजवर कळलं.

उशिराचं औषध: एएसआयओ-फोर-ऑल हा फुकट ड्रायव्हर टाका, रीपरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तो निवडा आणि बफर (आवाजाचे किती नमुने साठवून मग वाजवायचे तो आकडा) २५६ करा. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर २५६ म्हणजे ६ मिलिसेकंदांच्या आत. त्यात लॅपटॉपची थोडी भर पडते, पण बोटांना कळणार नाही. चरचर ऐकू आली तर ५१२. ब्लूटूथ स्पीकर मात्र लावूच नका, तिथे जो उशीर होतो त्याला कुठलाही ड्रायव्हर औषध नाही, वायरचाच घ्या. कीबोर्डच्या पियानोसाठी त्याच्या मेनूमध्ये 'लोकल' (पट्टी दाबली की कीबोर्डने स्वतः वाजायचं, ती सोय) शोधा आणि बंद करा. सापडलं नाही तर सरळ कीबोर्डचा आवाज शून्यावर.

डग्गेवाला

मी तबला शिकवतो, कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही, पण ताई काळी चारचं वाचून राहवलं नाही. तुमच्या तबलजी मुलाचा तबला काळी दोनचा असणार ना? मग तो हलवायचाच कशाला? काळी चार सा धरला तर काळी दोन हा पंचम. पंचमात लावलेला तबला साथीला घेतातच की. एकच ठेका दोन्ही गटांना चालेल. तंबोरा तेवढा चढवा.

दुसरं, ठिपके सगळे सारखे ठेवू नका. मशीनवर ऐकलेल्या तबल्यांचा कंटाळा येतो तो तिथेच. मशीन जोर १ ते १२७ मध्ये मोजतं असं माझा विद्यार्थी सांगतो. समेचा, म्हणजे पहिल्या मात्रेचा धा ११० असू द्या, दुसऱ्या मात्रेचा गे ७० च्या आसपास, 'न क' अगदी बोट टेकल्यासारखे, ४५-५०. पाचव्या मात्रेला डग्गा नाही, तिथे पोकळी जाणवली पाहिजे. विद्यार्थी म्हणतो की ठिपके रेषेवर ओढून घ्यायची सोय असते. ती पूर्ण वापरू नका. त्यापेक्षा कीबोर्डवर बोटांनी वाजवून भरा आणि निम्मंअर्धंच ओढा. आणि डग्ग्याला वेगळा ट्रॅक द्या, म्हणजे पुढेमागे घिस्सा (डग्ग्यावर हात घासून सूर वाकवणं) द्यावासा वाटला तर उजव्या तबल्याच्या चाटीचा सूर वाकणार नाही.

पेटीवाली_कऱ्हाड

डग्गेवाले सर, पंचमाचं बघितलं. पेटीवर काळी चार धरली आणि तबला लावला, अंगावर काटा आला. इतकी वर्षं पेटी वाजवून माझ्या लक्षात येऊ नये!

बफर २५६ वर चरचरला, ५१२ वर गप्प बसला. पुरतंय. जोराचे आकडे टाकले आणि तबल्याच्या मुलाला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, हात माझाच आहे, पण मी एवढा शहाण्यासारखा वाजवत नाही.

काल मंडळात पहिल्यांदा लावलं. लय अशी चढली की कुणाला कळलंसुद्धा नाही, कळलं ते फक्त दम लागल्यावर. पण गजर कधी संपेल हे आमच्यात ठरलेलं नसतं. कुणी रंगलं की आणखी चार आवर्तनं. मशीनने आपली तिहाई (तीनदा वाजवून संपवायचा तुकडा) घेतली, थांबलं, आणि आम्ही टाळांवर उघड्या पडलो. याला काही आहे का?

जुना_अरेंजर

आहे. वरच्या लयीतली आवर्तनं पाच मिनिटं पुरतील इतकी पसरून ठेवा. त्यानंतर तिहाई, तिच्या सुरुवातीला मार्कर २, म्हणजे दोन नंबरची खूण. सेटिंगमध्ये 'स्मूद सीक' चालू करा आणि एक माप निवडा, म्हणजे उडी मारायला सांगितली तरी चालू आवर्तन पुरं करूनच उडी मारेल. आता कीबोर्डच्या पाठीमागे सस्टेन पेडलचं भोक असेल. तिथे पेडल लावा. ते मिडीत ६४ नंबरचा कंट्रोल पाठवतं. रीपरच्या अ‍ॅक्शनच्या यादीत 'मार्कर २ वर जा' निवडून पेडल एकदा दाबा, ते शिकून घेईल. मिडीच्या यादीत त्या केबलला कंट्रोल मेसेजची परवानगी द्यायला विसरू नका. गजर संपवायचा वाटला की पाय दाबायचा.

पेटीवाली_कऱ्हाड

दादा, मी मांडी घालून बसते. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. पाय कुठून आणू?

बसवलं शेवटी. पेडल टाळवाल्या काकूंच्या गुडघ्याशी ठेवलंय, मी मान हलवली की त्यांनी दाबायचं. काल चार वेळा करून बघितलं. तीनदा तिहाई बरोब्बर समेवर आली. चौथ्यांदा काकू रंगात आल्या, मान न हलवताच गुडघा बसला, आणि आमचं 'विठ्ठल विठ्ठल' अर्ध्यावर असताना तबला गजर संपवून मोकळा झाला.