घरची बॅटरी भरलेली, इंजिनची उतरलेली: मोटरहोम सुरू होत नाही

जुळे_सोलापूरकर
नमस्कार. निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी डिझेलची ट्रॅव्हलर घेऊन तिचे मोटरहोम करून घेतले, त्याला आता दीड वर्ष होत आले आहे. संक्रांतीत सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येणार म्हणून गाडी गल्लीत लावली, ती तीन आठवडे जागची हललीच नाही. परवा पहाटे विजापूरमार्गे हंपीला निघावे म्हणून चावी फिरवली, तेव्हा डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणून विझले आणि सेल्फने नुसती टिकटिक केली. इंजिनच्या बॅटरीला मल्टिमीटर लावला असता ११.४ व्होल्ट दिसले. टपावरच्या सौर पॅनेलवर भरणारी घरची बॅटरी, म्हणजे गाडीतल्या राहण्याच्या भागाची, मात्र पूर्ण भरलेली आहे. त्यामुळे आत पंखा फिरतो, फ्रीज गार आहे, पाण्याचा पंप चालतो, आणि गाडी तेवढी सुरू होत नाही.

गेल्या जूनमध्येही असेच घडले होते. त्या वेळी एका गॅरेजने काहीही न तपासता नवी बॅटरी बसवून दिली. ती १०० अँपिअर-अवरची बॅटरी आता कुठे आठ महिन्यांची झाली आहे आणि तेच गॅरेज पुन्हा नवीन घ्या म्हणत आहे. घरची बॅटरी लिथियमची, तीही १०० अँपिअर-अवरची आहे. तिची जंपर केबल इंजिनच्या बॅटरीला लावून गाडी सुरू केली तर चालेल का? आणि एरवी रोज दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याचा आमच्या यजमानांचा नेम, जो यात्रेच्या गडबडीत मोडला, तो पुरेसा असतो का?

वायरमन_अक्कलकोट_रोड
ताई, नवी बॅटरी घेण्याची घाई करू नका. आठ महिन्यांत दुसऱ्यांदा बॅटरी उतरते, तेव्हा दोष बहुधा बॅटरीत नसतो. गाडी बंद असतानाही कोणीतरी तिच्यातून वीज ओढत असते आणि ते शोधले नाही, तर तिसरी बॅटरीही तशीच उतरेल.

घरची बॅटरी भरलेली असून इंजिनला तिचा उपयोग होत नाही, यात बिघाड काहीच नाही. दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये एक रिले किंवा चार्जर बसवलेला असतो, जो इंजिन चालू असतानाच आल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राची, वीज घरच्या बॅटरीकडे जाऊ देतो. रात्री दिवे-पंखे वापरल्यामुळे सकाळी गाडी अडू नये, हाच त्यामागचा हेतू असतो. तुमचे सौर पॅनेल फक्त घरच्या बाजूला जोडलेले दिसते, म्हणून तीन आठवडे ऊन असूनही इंजिनच्या बॅटरीच्या वाट्याला काही आले नाही.

लिथियमवरून थेट सेल्फ मारू नका. डिझेल इंजिनचा सेल्फ क्षणभर काहीशे अँपिअर ओढतो, आणि घरगुती वापराच्या लिथियम बॅटरीतले संरक्षक सर्किट सहसा १०० अँपिअरच्या आसपासच खटका पाडते. त्याऐवजी सोपी युक्ती आहे: तुमच्या गाडीत इन्व्हर्टर असेलच, त्यावर भिंतीच्या प्लगवर चालणारा साधा बॅटरी चार्जर लावा आणि त्याच्या क्लिपा इंजिनच्या बॅटरीला जोडा. अशा रीतीने घरचीच वीज सावकाश इंजिनच्या बॅटरीत जाईल. १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीला १० अँपिअर, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या भागाइतका प्रवाह, हा वेग सुरक्षित असतो. दोन-तीन तासांत सेल्फ मारण्याइतकी ताकद येऊ शकेल. पूर्ण भरण्यासाठी मात्र रात्रभर घरातल्या प्लगवर ठेवा. चार्जर काढल्यावर लगेच मोजू नका, कारण त्या वेळी आकडा फुगलेला दिसतो. चार-पाच तासांनी १२.६ व्होल्ट राहिले, तर बॅटरी शाबूत आहे असे समजा. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल, तर मात्र बॅटरीवाल्याकडून लोड टेस्ट करून घ्या. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, म्हणून चार्जिंग आजच करा.

सात_रस्ता_७८
आमच्या गल्लीतली जुनी गाडी आम्ही चौघे ढकलून दुसऱ्या गिअरवर सुरू करतो. तसे करून पाहिले का?

वायरमन_अक्कलकोट_रोड
जुन्या गाडीला ते चालत असे. हल्लीच्या डिझेल इंजिनात इंधन सोडण्याचे काम संगणक करतो आणि बॅटरी पार उतरली असेल तर तो जागाच होत नाही. शिवाय सामानासह काही टन भरणारे मोटरहोम चौघांनी ढकलणे आणि ब्रेक जड झाल्यावर ते थांबवणे, या दोन्ही गोष्टी अवघड आहेत.

होटगी_रस्ता
ताई, दुसऱ्या गाडीवरून जंप देण्याची वेळ आली, तर माझी चूक आपण करू नये. मी काळ्या केबलची शेवटची क्लिप थेट उतरलेल्या बॅटरीच्या निगेटिव्हला लावली आणि डोळ्यांसमोर ठिणगी उडाली. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे शेवटची जोडणी बॅटरीपासून दूर, इंजिनच्या उघड्या धातूवर करावी लागते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आधी लाल क्लिप उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग लाल दुसऱ्या गाडीच्या पॉझिटिव्हला, मग काळी त्या गाडीच्या निगेटिव्हला आणि सर्वांत शेवटी काळी आपल्या इंजिनला, असा क्रम ठेवावा आणि काढताना तो उलट करावा.

यजमानांच्या नेमाबद्दल मात्र क्षमा मागून सांगतो: जागेवर दहा मिनिटे इंजिन चालवण्याचा फारसा फायदा नाही. सेल्फने जेवढे खर्च केले, त्याची भरपाई होते न होते तोच आपण इंजिन बंद करतो. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा तुळजापूरला जाऊन यावे. एका बाजूचे अंतर साधारण ४५ किलोमीटर आहे आणि तेवढ्या सलग धावण्यात आल्टरनेटर नीट काम करतो. आपल्याकडचा उन्हाळाही लक्षात घ्यावा. पारा चाळिशीच्या वर गेला की बॅटरी आपोआपही लवकर उतरते आणि तिचे आयुष्यही घटते. टोप्या उघडता येणारी बॅटरी असेल, तर एप्रिल-मे महिन्यांत डिस्टिल्ड वॉटरची पातळी दर महिन्याला पाहावी.

जुळे_सोलापूरकर
इन्व्हर्टरवर चार्जर लावण्याची युक्ती यशस्वी झाली. अडीच तासांनी गाडी सुरू झाली. नंतर रात्रभर बॅटरी घरातल्या प्लगवर भरली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे बॅटरी खरोखरच चांगली आहे. आता वीज कोण ओढते आहे, हे घरी कसे शोधावे?

वायरमन_अक्कलकोट_रोड
गाडी बंद करून निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि टर्मिनल व केबल यांच्या मध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून जोडा. दारे लावून अर्धा तास थांबा, कारण गाडीतील संगणक झोपायला वेळ घेतात. त्यानंतर ५० मिलिअँपिअरपर्यंतचा आकडा ठीक मानावा. मीटर लावलेला असताना चावी मात्र फिरवू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल. आकडा जास्त आला, तर फ्यूज एकेक करून काढत जा. ज्याने आकडा झपकन खाली येईल, तीच चोरवाट. मोटरहोम करताना बाहेरून टाकलेल्या वायरी आधी पाहा, त्यांचे फ्यूज पुष्कळदा मूळ डब्यात नसतात.

जुळे_सोलापूरकर
चोर सापडला. मीटरवर ३१० मिलिअँपिअर दिसत होते. मूळ डब्यातले सर्व फ्यूज काढून झाले तरी आकडा हलला नाही. शेवटी मागच्या सीटखाली हात घातला, तर गाण्याच्या अँप्लिफायरचा डबा गाडी बंद असूनही कोमट लागला. काम करणाऱ्याने त्याची चालू-बंदची वायरसुद्धा थेट इंजिनच्या बॅटरीला जोडून ठेवली होती. हिशेब केला, तर दिवसाला सुमारे साडेसात अँपिअर-अवर जात होते, म्हणजे नवी कोरी बॅटरीही दोन आठवड्यांत रिकामी होणार. ती वायर आता चावीच्या लाइनवर घेतली असून आकडा ३५ वर आला आहे.

वायरमन_अक्कलकोट_रोड
उत्तम. महिनाभर गाडी उभी राहणार असेल, तर निगेटिव्हवर कट-ऑफ स्विच बसवून घ्या, किंवा घरच्या बॅटरीतून इंजिनच्या बॅटरीला थोडा थोडा प्रवाह देणारे छोटे उपकरण बसवा. तुमच्याकडे सौर पॅनेल आहेच, त्यामुळे मला दुसरा पर्याय अधिक बरा वाटतो. स्विच बसवलाच आणि गाडीला डीईएफची (धुरातले प्रदूषण कमी करणाऱ्या द्रवाची) टाकी असली, तर चावी काढल्यावर चार-पाच मिनिटे थांबूनच तो बंद करा. इंजिन बंद झाल्यावरही तिचा पंप नळी रिकामी करत असतो.

जुळे_सोलापूरकर
उपकरण मागवले आहे. ते येईपर्यंत स्विचवर भागवत आहोत. त्यामुळे डॅशबोर्डवरचे घड्याळ दर वेळी बारा वाजल्याचे दाखवते, त्यावरून यजमानांची रोज एक कोटी ऐकावी लागते. आज चार दिवस गाडी जागेवर उभी आहे आणि सकाळचा आकडा १२.६ आहे. शनिवारी हंपीला निघत आहोत.