न्हाणीत पडून खुबा मोडला, आमच्या घरात दुसऱ्यांदा

जांबोटीकर
नमस्कार मंडळी. आई 67 वर्षांची. काल पहाटे न्हाणीत पाय घसरून पडली, उठताच येईना. उजवा पाय आखूड दिसत होता, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं. बेळगावात एक्सरे काढला. खुब्याच्या हाडाची मान मोडलीय, बॉल, म्हणजे मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, बदलायला पाहिजे म्हणायलेत. थोरली मावशीही चार वर्षांपूर्वी उंबऱ्याला अडखळून पडली, तिचाही खुबाच गेला. गावाकडचे म्हणतात, या वयात चिरफाड कशाला, पट्टी बांधा, हाड जुळतंय. थांबलं तर चालेल का? आणि आमच्या घरातल्या बायकांचंच असं का होतंय?

चिकोडीचा शेतकरी
थांबू नका. आमच्या अण्णांना पायाला वजन लावून झोपवून ठेवलं. हाड राहिलं बाजूला, पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ भरला. पुढचं लिहवत नाही.

निवृत्त सिस्टर, बेळगाव
माझी सगळी नोकरी हाडांच्या वॉर्डात झाली, म्हणून सविस्तर लिहिते. खुब्याच्या बॉलला रक्त पोचतं ते मानेवरून. मान मोडून सरकली की तो पुरवठाच तुटतो, मग पट्टी बांधून काय जुळणार? म्हणून या वयात बॉल बदलतात. मानेच्या खाली मोडलं तर तिथं रक्त भरपूर असतं, रॉड घालून हाड जुळतं. पण दोन्हीकडं ऑपरेशन लवकर, जमलं तर 48 तासांच्या आत व्हावं आणि दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करावं. खुबा मोडल्यावर वर्षभरात साधारण पाचातला एक म्हातारा माणूस दगावतो. अंथरुणाला खिळलं की छाती भरते, पायात रक्ताच्या गाठी होतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. वॉर्डात खुब्याचे पेशंट दोन तऱ्हेचे यायचे. तरणे बहुतेक पुरुष, हायवेवर गाडीवरून उडालेले नाहीतर झाडावरून पडलेले. त्यांचं हाड मजबूत, मारच मोठा. साठीपुढच्या जास्त करून बायका, आणि त्या घरातच पडलेल्या. रात्री उठताना, न्हाणीत, उंबऱ्यापाशी. नुसतं उभ्या उभ्या पडून खुबा मोडतो तेव्हा हाड आधीच ठिसूळ झालेलं असतं. पाळी गेल्यावर बायकांचं हाड झपाट्यानं झिजतं. आपल्या भागात तरुणपणी पिशवी काढलेल्या किती बायका आहेत! सोबत अंडाशयही काढले असतील तर ही झीज तेव्हापासूनच सुरू. आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला असेल तर मुलांनाही धोका जास्त. दम्यासाठी किंवा गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेतलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

मला सगळ्यात वाईट याचं वाटतं की ऑपरेशन झालं, टाके निघाले, की माणसं घरी जातात आणि हाडाचा उपचार कुणी करतच नाही. मग दुसरा खुबा मोडून परत येतात. डिस्चार्जच्या आधीच विचारा: ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि हाडाची झीज रोखणारं, वर्षातून एकदा द्यायचं झोलेड्रॉनिक अॅसिडचं इंजेक्शन. त्याआधी किडनी तपासतात. न्हाणीत भिंतीला धरायला दांडी बसवा, रात्री दिवा चालू ठेवा, मोतीबिंदू असेल तर काढून घ्या. बीपीच्या गोळीनं उठताना चक्कर येते का, तेही विचारा.

जांबोटीकर
सिस्टर, आज आईला विचारलं. पिशवी 38 व्या वर्षी अंडाशयासकट काढली होती, मावशीचीही तशीच. घरात कुणी याचा हाडाशी संबंध लावलाच नव्हता. ऑपरेशन उद्या सकाळी ठेवलंय. मावशीला ते इंजेक्शन कुणी सांगितलंच नाही. आता चार वर्षांनी उपयोग होईल का?

निवृत्त सिस्टर, बेळगाव
होईल, तिचा दुसरा खुबा शाबूत आहे ना? जुने एक्सरे, डिस्चार्जचा कागद आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी घेऊन हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. दात काढायचे असतील तर ते इंजेक्शनच्या आधी. आणि आईचं ऑपरेशन झालं की इथं कळवा.