रिडंडन्सी आणि व्हिसा: शेवटची तारीख कोणती धरायची?

प्रेषक: सचिव
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

सप्रेम नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या कार्यक्रमाच्या मेलांमध्येच ही एक पाठवते आहे, कारण ती थांबण्यासारखी नाही. आपल्या एका सभासदांनी खालचा मजकूर दिला आहे. त्यांच्या इच्छेनुसार नाव गाळलं आहे. ज्यांना या विषयातलं नक्की माहीत आहे त्यांनी लिस्टवरच उत्तर द्यावं, म्हणजे बाकीच्यांच्याही उपयोगी पडेल. हे कोण असतील याची फोनाफोनी मात्र कृपा करून करू नका.

"मी २०२२ पासून इंग्लंडात रेडिंगजवळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करतो. स्किल्ड वर्कर व्हिसा आहे. गेल्या आठवड्यात आमच्या टीममधल्या बहुतेकांना 'अ‍ॅट रिस्क'चं, म्हणजे रिडंडन्सीत (पदच रद्द होऊन) नोकरी जाऊ शकते असं, पत्र मिळालं. त्यानंतर एचआरने मला वेगळं बोलावून सांगितलं की ३१ ऑक्टोबरला बाहेर पडायला तयार असाल तर तीन महिन्यांच्या नोटिशीचा पगार एकरकमी देऊ आणि वर आणखी काही रक्कम देऊ. त्यासाठी सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंटवर (पैसे घेऊन कंपनीवरचे दावे सोडण्याच्या करारावर) सोमवारपर्यंत सही हवी आहे. पैसे बरे वाटतात. पण नोकरी गेल्यावर व्हिसाला साठ दिवस, साठ दिवस असं सगळीकडे ऐकतो आहे. ते पत्र मिळालं त्या दिवसापासून धरायचे का? बायको माझ्या व्हिसावर डिपेंडंट आहे, नर्सरीत काम करते. मुलगी शाळेत इयर टूमध्ये आहे. पुण्यात आईबाबांना अजून काही सांगितलेलं नाही. रात्री झोप लागत नाही."


प्रेषक: एक सभासद, स्विंडन
गुरुवार, ९ ऑक्टोबर, रात्री

नमस्कार सचिवताई, आणि ज्यांनी लिहिलंय त्या दादांना नमस्कार.

मी इथल्या एका कारखान्याच्या एचआरमध्ये बरीच वर्षं आहे, म्हणजे अशा बैठकांत मी टेबलाच्या पलीकडे बसते. म्हणून आधी एकच सांगते: सोमवारी सही करू नका. सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंट वाचून विचार करायला किमान दहा दिवस द्यावेत असं अ‍ॅकास या नोकरीतल्या तंट्यांसाठीच्या सरकारी संस्थेची संहिता सांगते. शिवाय तुम्ही स्वतंत्र सल्लागाराचा, बहुधा सॉलिसिटरचा, सल्ला घेतल्याशिवाय त्या कागदाला कायद्याने किंमत नसते. त्याची फी बहुतेक वेळा कंपनीच देते. तसं मागा, त्यात काही गैर नाही.

आता साठ दिवसांचं. ते 'अ‍ॅट रिस्क'च्या पत्रापासून मोजत नाहीत आणि नोटिशीपासूनही नाही. तुमची नोकरी प्रत्यक्ष संपली की कंपनीला दहा कामाच्या दिवसांत होम ऑफिसला (ब्रिटनच्या गृहखात्याला) कळवावं लागतं. मग होम ऑफिस तुमचा व्हिसा आखूड केल्याचं कळवतं, आणि त्यात सहसा साठ दिवसांची मुदत असते. व्हिसाच त्याआधी संपत असेल तर ती आधीची तारीख धरायची.

म्हणजे तुमच्या दृष्टीने या सगळ्या व्यवहारात रकमेपेक्षा महत्त्वाची आहे ती नोकरीची शेवटची तारीख. ३१ ऑक्टोबरला बाहेर पडलात तर ही घड्याळं नोव्हेंबरातच सुरू होतील. तीच तीन महिन्यांची नोटीस आत्तापासून धरून पगारावर राहून, गार्डन लीव्हवर (म्हणजे कामावर न जाता, पण नोकरीत राहून) काढलीत तर तारीख जानेवारीच्या मध्यावर जाते. तेवढे दिवस तुमचा व्हिसा अबाधित, मुलाखती देता येतात, आणि नवीन कंपनीने सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, म्हणजे व्हिसाच्या अर्जाला लागणारं नोकरीचं प्रमाणपत्र, दिलं तर अर्जही करता येतो. इथे आधीपासून स्थायिक असलेल्या सहकाऱ्याला एकरकमी पैसे घेऊन निघून जाणं परवडतं. तुम्हाला ते परवडत नाही, आणि एचआरमधल्या पुष्कळ लोकांना हा फरक माहीतच नसतो. त्यांना सांगा. मी स्वतः अशा विनंत्या मान्य केल्या आहेत. कंपनीला त्यात खर्च फारसा वाढत नाही.

करासाठी एकरकमी घ्यावं असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. नोटिशीच्या पगारावर दोन्ही रीतींनी कर लागतोच. ३०,००० पौंडांपर्यंतची करमाफी रिडंडन्सीच्या रकमेला आहे.

ती कायदेशीर रक्कमही तपासून घ्या. दोन वर्षं पूर्ण झाली की हक्क लागू होतो. बावीस ते चाळीस वयात प्रत्येक पूर्ण वर्षाला एका आठवड्याचा पगार, पण आठवड्याचा पगार एप्रिल २०२५ पासून जास्तीत जास्त ७१९ पौंड धरतात. तीन पूर्ण वर्षांचे २,१५७ पौंड होतात. त्यामुळे "वर आणखी काही" म्हणताना कंपनी हेच पैसे तर मोजत नाही ना, ते लेखी विचारा. व्हिसावर आहात म्हणून यातला एकही हक्क कमी होत नाही. आणि व्हिसावर आहात म्हणून यादीत तुमचं नाव आधी घेतलं असं दिसलं, तर तो भेदभाव ठरू शकतो. निवडीचे गुण मागून घ्या.

अ‍ॅग्रीमेंटमध्ये एक ओळ घालून घ्या: नवी नोकरी मिळाल्यास नोटिशीतून लवकर मोकळं करावं. ती नसेल तर गार्डन लीव्हच आडवी येते.

व्हिसाच्या अर्जाबद्दल कोणाला वैयक्तिक सल्ला देण्याचा मला अधिकार नाही. त्यासाठी सॉलिसिटर किंवा इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेला सल्लागारच गाठा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'एजंटां'पासून दूर राहा.


प्रेषक: एक सभासद, स्लाव
शुक्रवार, १० ऑक्टोबर

ताईंचं पटलं. मी इथे तीस वर्षांवर आहे, इंदिरा गांधी विमानतळावरून निघालेल्या पहिल्या आयटीवाल्यांपैकी. एवढं घाबरायचं कारण नाही असं मला वाटतं. आमच्या ओळखीतल्या एकाला होम ऑफिसचं पत्र यायला कित्येक महिने लागले, तोवर दुसरी नोकरी लागलीसुद्धा. शांत राहा, देव पाठीशी आहे.


प्रेषक: एक सभासद, ब्रॅकनेल
शुक्रवार, १० ऑक्टोबर

काका, तुमचा धीर मोलाचा आहे, पण पत्र उशिरा येईल या भरवशावर कोणी राहू नये. मी दोन वर्षांपूर्वी यातून गेलो आहे आणि माझं पत्र लवकर आलं. तेही ईमेलने. दादा, आज रात्रीच तुमच्या यूकेव्हीआय (होम ऑफिसच्या व्हिसा विभागाच्या) खात्यात जाऊन ईमेल कोणता दिला आहे ते बघा. कंपनीचा ईमेल असेल तर बदला. शेवटच्या दिवशी तो बंद होतो आणि पत्र तिथेच पडून राहतं.

नोकरी शोधताना पगाराचा आकडा पक्का लक्षात ठेवा. जुलै २०२५ पासून नव्याने येणाऱ्यांना ४१,७०० पौंड लागतात. हा आकडा वाचून मी कितीतरी जणांचा धीर सुटलेला पाहिला आहे. पण जे ४ एप्रिल २०२४ च्या आधीपासून सलग याच व्हिसावर आहेत त्यांच्यासाठी किमान ३१,३०० आहे, किंवा त्या कामाचा ठरलेला दर, यात जो जास्त असेल तो. तुम्ही २०२२ चे आहात. हे रिक्रूटरला तुम्हालाच सांगावं लागेल, कारण तो ४१,७०० वर अडून बसेल.

कंपनीकडे स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणसाला व्हिसावर नोकरी देण्याचा परवाना, आहे का हे मुलाखतीत विचारत बसू नका, सरकारी वेबसाइटवर पूर्ण यादी असते. अर्ज मुदतीच्या आत गेला की निर्णय येईपर्यंत इथे राहता येतं, पण नवीन काम निर्णय आल्यावरच सुरू करायचं. तो लवकर हवा असेल तर ५०० पौंड जास्त भरून प्रायॉरिटी सेवा मिळते. मला ते पैसे सत्कारणी लागल्यासारखे वाटले.

वहिनींच्या नर्सरीकडे लायसन्स असून त्या पगारात बसत असतील तर त्यांनीही चौकशी करावी. नर्सरीच्या बहुतेक कामांना आता ते जमत नाही हे मला ठाऊक आहे, पण त्यांचं शिक्षण दुसऱ्या कशात असेल तर घरात दोघांपैकी कोणाचाही मुख्य व्हिसा चालतो. आम्ही शेवटी तसंच केलं. आमच्या घरी आता ती मुख्य आहे आणि मी डिपेंडंट.


प्रेषक: माजी सभासद, पुणे
शनिवार, ११ ऑक्टोबर

लिस्टवरून नाव काढून घ्यायचं राहिलं ते बरं झालं. आम्ही मागच्या वर्षी परत आलो. मला नोकरी मिळाली नाही आणि व्हिसा संपत आला होता.

परत येण्याबद्दल इथे कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो. यायची वेळ आलीच तर पी ४५ (नोकरी सुटताना मिळणारा पगार-कराचा दाखला) जपून ठेवा आणि देश सोडल्याचं करखात्याला कळवणारा पी ८५ फॉर्म भरा, वर्षाच्या मध्ये निघालात तर कापलेल्या करातला काही भाग परत मिळू शकतो. पेन्शन आत्ता काढून देतो म्हणणारा भेटला तर तो फसवतो आहे, ती ५५ वर्षांपर्यंत हलत नाही आणि २०२८ पासून ५७. घराच्या भाडेकरारातलं ब्रेक क्लॉज, म्हणजे मुदतीआधी घर सोडण्याचं कलम, आजच वाचा.

आणि आईबाबांना सांगून टाका. माझ्या वडिलांना मी सतराशे साठ गोष्टी रचून सांगत होतो, ऑफिसचं काम घरून आहे वगैरे. खरं कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "मग खोली रंगवून ठेवू का?" त्या रात्री मी झोपलो. मुलीला मराठी शाळेत घालावं लागेल की काय या धास्तीने बायको रडायची. मुलगी आज वर्गात सगळ्यात मोठ्याने बोलते.


प्रेषक: सचिव
बुधवार, १५ ऑक्टोबर

मंडळी, आपल्या सभासदांकडून आलेलं जसंच्या तसं:

"सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी सही केली नाही. स्विंडनच्या ताईंनी लिहिलं तसं एचआरला लेखी दिलं की मला एकरकमी नको, नोटीस पगारावर हवी, आणि का हवी तेही लिहिलं. आज उत्तर आलं: जानेवारीच्या मध्यापर्यंत गार्डन लीव्ह मान्य, लवकर मोकळं करण्याची ओळही मान्य. वरची रक्कम कमी केली आहे. मी तरीही हेच घेतो आहे. सॉलिसिटरची भेट शुक्रवारी आहे, फी कंपनी देणार. यूकेव्हीआय खात्यात खरोखरच कंपनीचा ईमेल निघाला, तो बदलला. बाबांशीही काल बोललो.

आता एक मागणं आहे. मला सेलेनियम आणि प्लेराइटवर ऑटोमेशन टेस्टिंगचा चांगला अनुभव आहे, आधी पुण्यात बँकिंगच्या प्रकल्पांवर काम केलं आहे. रेडिंग, ब्रॅकनेल, न्यूबरी, स्विंडन, रोज लंडनला जाणंही चालेल. तुमच्या कंपनीकडे स्पॉन्सर लायसन्स असेल आणि जागा निघणार असेल तर सचिवताईंना कळवा, सीव्ही त्या पाठवतील. आमच्याच टीममधली एक मुलगी नागपूरची आहे, तिला नोकरी लागून दोन वर्षं झालेली नाहीत, म्हणजे तिला रिडंडन्सीची रक्कमही नाही. तिचा सीव्हीही सोबत देतो आहे. आधी तिचा बघा."