कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटी : निवडक सदस्यत्व हे सेवेचे बळ की सेवेतला अडसर?

शाईपेन (मूळ धागा)

कमला हॅरिस हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात शिकत असताना १९८६ मध्ये अल्फा कप्पा अल्फा या सोरोरिटीच्या, म्हणजे निवडून सदस्य घेणाऱ्या विद्यार्थिनींच्या भगिनीसंघाच्या, सदस्य झाल्या, एवढ्यापुरताच हा विषय आपल्याकडे चर्चेत येतो आणि मग रंगीत पोशाख, पदन्यास, गुप्त विधी यांवर बोलून संपतो. मला तो अपुरा वाटतो. १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात सात विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा ही फ्रॅटर्निटी, म्हणजे विद्यार्थ्यांचा असाच बंधुसंघ, स्थापन केली. त्याच्या आदल्या वर्षीच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सहा जण परतलेच नव्हते, आणि उरलेल्यांना एकमेकांच्या अभ्यासाला, राहण्याला, टिकून राहण्याला आधार हवा होता. पुढे १९६३ पर्यंत अशा नऊ संस्था झाल्या. त्यांतल्या पाच हॉवर्डमध्येच जन्मल्या.

या संस्थांचे वेगळेपण असे की पदवी मिळाली म्हणून सदस्यत्व संपत नाही. गावोगावी पदवीधरांच्या शाखा असतात आणि शिक्षक, डॉक्टर, वकील झालेली माणसे त्यांत आयुष्यभर काम करतात. १९३५ मध्ये डॉ. डोरोथी फेरेबी यांच्या नेतृत्वाखाली अल्फा कप्पा अल्फाच्या स्त्रिया मिसिसिपीतील होम्स काउंटीत आरोग्यसेवेसाठी गेल्या. दवाखाना थाटून माणसे येतील ही अपेक्षा फोल ठरली, कारण मळेमालक आपल्या बटाईदार कुटुंबांना शेत सोडून जाऊ देईनात. तेव्हा या स्त्रियांनी आपल्या मोटारींतच औषधे, लशी घातल्या आणि थेट मळ्यांवर जाऊन मुलांना घटसर्प व देवीच्या लशी टोचल्या. हे काम १९४२ पर्यंत दर उन्हाळ्यात चालले. निवडून घेतलेल्या, परस्परांना बांधलेल्या सदस्यांखेरीज हे शक्य झाले असते, असे मला वाटत नाही.

माळरान

मिसिसिपीच्या कामाबद्दल आदरच आहे. पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. ज्या बटाईदारांच्या मुलांना लस मिळाली, त्यांच्यापैकी किती जण कधी त्या सोरोरिटीच्या सदस्य होऊ शकत होते? सदस्यत्वाला महाविद्यालयीन शिक्षण हवे, शुल्क हवे आणि आतल्यांची पसंती हवी. सेवा करणारे वर आणि सेवा घेणारे खाली, ही मांडणी चांगल्या हेतूने पुसली जात नाही.

हा आक्षेप बाहेरच्यांचाच आहे असेही नाही. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस हे अल्फा फाय अल्फाचे मानद सदस्य होते, आणि १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी ज्यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला, तेही हेच. १९०३ मध्ये त्यांनी मांडले होते की समाजातील हुशार एक दशांश माणसे बाकीच्यांना वर काढतील. पण १९४८ मध्ये सिग्मा पाय फाय या प्रतिष्ठित व्यावसायिकांच्या फ्रॅटर्निटीपुढे भाषण करताना त्यांनीच या विचाराची फेरतपासणी केली, आणि शिकलेला वर्ग स्वतःचाच लाभ पाहू लागेल हा धोका आपण पुरेसा ओळखला नव्हता, असा त्याचा रोख होता. ज्या विचारवंताच्या कल्पनेवर या संस्थांची नैतिक बैठक उभी आहे, त्यानेच असा इशारा दिल्यावर आपण तो हलक्यात घेऊ नये.

दक्षिणवारा

माळरान, तुमचा वर-खालीचा मुद्दा स्त्रियांच्या बाबतीत तपासून पाहा. डेल्टा सिग्मा थीटा ही सोरोरिटी हॉवर्डमध्ये १३ जानेवारी १९१३ रोजी बावीस विद्यार्थिनींनी स्थापन केली आणि जेमतेम सात आठवड्यांनी, ३ मार्चला, त्या वॉशिंग्टनमधील स्त्रीमताधिकाराच्या मोर्चात चालल्या. मोर्चाच्या आयोजकांपैकी काहींना कृष्णवर्णीय स्त्रिया शेवटी हव्या होत्या, आणि रस्त्याच्या कडेची गर्दी मोर्चातल्या बायकांना धक्काबुक्की करत होती. संस्थेचे पहिले सार्वजनिक काम म्हणून विद्यार्थिनींनी हे निवडले, यात सेवाभावाचा दिखावा मला दिसत नाही. गोऱ्यांच्या सोरोरिटींची दारे त्यांना बंद होती. आपली दारे आपण बांधली तर त्यांना निवडकपणाचा दोष लावणे अन्यायाचे आहे.

शाईपेन

द्यू बॉइस यांचा दाखला वजनदार आहे, हे मान्य. पण त्यांच्या इशाऱ्याचे उत्तर म्हणून या संस्थांनी काही केलेच नाही, असे म्हणता येत नाही. मताधिकाराशिवाय समाज हताश राहतो, ही अल्फा फाय अल्फाची घोषणा १९३० च्या दशकातली आहे. म्हणजे दक्षिणेत मतदारनोंदणी करायला जाणे जोखमीचे होते त्या काळातली. वॉशिंग्टनमधील मार्टिन ल्यूथर किंग स्मारकाची कल्पनाही याच संस्थेने मांडली आणि १९९६ मधील अमेरिकी काँग्रेसच्या मंजुरीपासून २०११ मधील अनावरणापर्यंत ती लावून धरली. पंधरा वर्षे एखादा विषय सोडायचा नाही, यासाठी आजन्म सदस्यांचीच गरज असते.

माळरान

तुमच्या याच शेवटच्या वाक्याशी मी झगडतो आहे. जी निष्ठा पंधरा वर्षे स्मारकाचा पाठपुरावा करते, तीच रॅगिंगमध्ये मार खाल्लेल्या मुलाला गप्प बसवते. नव्या सदस्यांना मारहाण होऊन विद्यार्थ्यांचे मृत्यू झाले, त्यानंतर १९९० मध्ये या संस्थांच्या राष्ट्रीय नेतृत्वाने सदस्यत्वाआधीचा उमेदवारीचा जुना काळ औपचारिकरीत्या रद्द केला. मारहाण थांबली नाही, ती चोरून होऊ लागली, आणि चोरून होणाऱ्या गोष्टीवर देखरेख ठेवणे अधिक अवघड झाले. ज्या आजन्म निष्ठेची तुम्ही गरज सांगता, तिच्याच आडोशाने ही गुप्तता टिकते. सेवा मोजताना ही बाजू वजा करायची नाही, हे मला पटणारे नाही.

शाईपेन

वजा करायलाच हवी, आणि तिथे मी तुमच्या बाजूने आहे. विधींची गुप्तता मी सोडून देईन. तिच्यावाचून मिसिसिपीचे काम अडले नसते. सदस्यत्वाचा आजन्म भाग मात्र मी सोडणार नाही, कारण शाखेत काय चालते हे विचारण्याचा अधिकार आणि तो वापरण्याइतका वयाचा मान पदवीधर सदस्यांकडेच आहे. विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या वेळी पदवीधर सल्लागार प्रत्यक्ष हजर असलेच पाहिजेत, आणि मारहाण लपवणाऱ्या पदवीधरालाही कायमचे काढले पाहिजे, अशी माझी मागणी राहील.

दक्षिणवारा

यावर माझी एक भर : तक्रार घेणारी व्यक्ती संस्थेबाहेरची असावी. आपल्याच भगिनींविरुद्ध आपल्याच भगिनींकडे जायला कोणतीही विद्यार्थिनी धजणार नाही.