प्रति: टॅन (फिकट तपकिरी) बुटांवर बसलेला गडद पॉलिशचा थर

टॅन बुटांवर गडद पॉलिश बसलंय, ते कसं काढायचं, असा प्रश्न इथे विचारलाय. त्यावर नेलपेंट रिमूव्हरने पुसायचा सल्ला आलाय, तो कृपया पहिल्या फटक्यात अमलात आणू नका. त्यातलं अॅसिटोन पॉलिशपाशी थांबत नाही, कातड्याचं कंपनीतून आलेलं फिनिशही विरघळवतं, आणि मग तेवढा भाग पुन्हा रंगवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पॉलिश काढून टाकावं लागेल, हे मात्र अगदी बरोबर. वरून नवीन थर चढवून डाग झाकला जात नाही.

माझ्या टॅन बुटांना स्टेशनबाहेर एकाने काळपट तपकिरी लिक्विड पॉलिश फासलं होतं. रविवार पेठेतून टर्पेंटाइन आणलं, जुन्या बनियनच्या तुकड्यावर अगदी थोडं घेतलं, आधी टाचेच्या आतल्या बाजूला लावून पाहिलं आणि मग हलक्या हाताने पुसत गेलो. कापड काळं व्हायचं थांबेपर्यंत चार तुकडे लागले. मेण सुटतं, पण रंग कातड्यात मुरला असेल तर तो पूर्ण जात नाही; शिवणीजवळ माझ्याही राहिलाच. त्यानंतरची पायरी इथे कुणी लिहिली नाही आणि तीच खरी महत्त्वाची: टर्पेंटाइन कातड्यातलं तेलही ओढून घेतं. म्हणून कातड्याचं कंडिशनर (कातडं मऊ ठेवणारं क्रीम) लावून बूट रात्रभर सावलीत ठेवायचे, सकाळी मूळ रंगापेक्षा किंचित फिकं क्रीम पॉलिश, आणि मेणाचं पॉलिश अगदी शेवटी. पावसाळ्यात तर आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवा, ओलसर कातड्यावर बुरशी फार लवकर धरते.