खंड, अंक आणि वर्ष दुरुस्त करताना

नियतकालिकातल्या लेखाचा संदर्भ तपासताना त्यातला खंड क्रमांक चुकीचा वाटला तर ऑनलाइन डेटाबेसमधली नोंद बघून बदलून टाकावा, असं सुचवलं जातं. मला हे धोक्याचं वाटतं.

'पास्ट अँड प्रेझेंट'चंच बघा. १९५२ पासून निघणाऱ्या या इतिहासविषयक नियतकालिकाला खंड नाहीत, अंकांनाच सलग क्रमांक आहेत. ब्रिटिश इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांचा काळ आणि श्रमशिस्तीवरचा गाजलेला लेख अंक ३८ मध्ये आहे, डिसेंबर १९६७, पृष्ठं ५६ ते ९७. ऑनलाइन नोंदीत मात्र तोच 'खंड ३८, अंक १' म्हणून दिसतो, बहुधा तिथल्या साच्यात खंडाचा रकाना भरावा लागतो म्हणून. म्हणजे लेखकाने 'अंक ३८' असं अचूक लिहिलेलं असतं आणि आपण दुरुस्तीच्या नावाखाली ते बिघडवतो.

वर्षाचंही तसंच. 'अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू' या नियतकालिकाचा पहिला खंड ऑक्टोबर १८९५ मध्ये सुरू होऊन १८९६ मध्ये संपला. खंडावरून वर्ष काढायला गेलं की इथे फसलोच. हल्ली तर अनेकदा लेख आधी ऑनलाइन येतो, छापील अंकात पुढच्या वर्षी. डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी ऑनलाइन ओळख क्रमांक) तोच राहतो, वर्ष मात्र दोन दिसतात. पृष्ठ क्रमांक छापील अंकाचे देणार असाल तर वर्षही त्याच अंकाचं द्या, एवढं तरी कटाक्षाने पाळू या.

आणि शक्य असेल तिथे त्या अंकाचं मुखपृष्ठ व अनुक्रमणिका स्कॅनमध्ये स्वतः बघा. फारसा वेळ लागत नाही.